बोटभर अंतरावर

नव्या हेडसेटची खोकी पुनर्वसन केंद्रात आली त्या दिवशी सगळे खूश होते. मनीच्या कपाळावर, चष्म्याच्या वर, तेवढी आठी होती. नवी वस्तू आली की तिच्या पाठोपाठ नवी दुखणी येतात, एवढं तिला नोकरीने शिकवलं होतं. आणि या वेळचं दुखणं परक्याचं नव्हतं. त्या केंद्रात, खिडकीजवळच्या खाटेवर, तिची स्वतःची आई होती.

मनीची कंपनी म्हणजे काचेच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर काच कापण्याची किरकिर चाले आणि वर पाच माणसं कॉम्प्युटरवर घरं बांधत. म्हणजे खऱ्या घरांच्या नकला. अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्या माणसाला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती स्वतःच्याच घराची. बाथरूमची पायरी, सतरंजीची दुमडलेली कड, अंधारा पॅसेज. म्हणून कंपनीची माणसं जाऊन घराचं माप घेत, ते हुबेहूब कॉम्प्युटरवर उभं करत, आणि केंद्रात पेशंट डोळ्यांवर हेडसेट चढवून, दोन दांड्यांच्या मधल्या सरकत्या पट्ट्यावर चालत त्या घरातून फिरे. पडायचंच तर आधी खोट्या घरात पडा, असा सगळा मामला.

आई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. सगळं आयुष्य लोकांना लोकांशी जोडून देण्यात गेलेलं, त्यामुळे झटक्यानंतर तिची जीभ सगळ्यात आधी पूर्ववत झाली याचं घरात कोणाला नवल वाटलं नाही. डावा पाय मात्र हट्टाला पेटला होता. मनीने आपल्या दोन खोल्यांच्या घराचं माप घेतलं, रात्रीचा दिवस करून ते उभं केलं, आणि आई त्या खोट्या घरात रोज थोडी थोडी चालू लागली. "माझ्या घरापेक्षा हे स्वच्छ आहे," असा शेराही तिने पहिल्याच दिवशी मारला.

मनीचा मोठा भाऊ दुसऱ्या शहरात राहायचा. दादा माणूस वाईट नव्हता, पण त्याला प्रत्येक गोष्टीचा निकाल लागलेला आवडायचा. त्याने तिकडे एक शुश्रूषागृह बघून ठेवलं होतं.

"मने, तू दिवसभर ऑफिसात असतेस," तो फोनवर म्हणाला. "आई एकटी पडली तर? केंद्राची चालण्याची परीक्षा असते ना, ती पास झाली तर ने घरी. मी एक शब्द बोलणार नाही. पण नाही झाली, तर मी येऊन तिला घेऊन जाणार."

शुश्रूषागृहाचं नाव काढलं की आई भिंतीकडे तोंड करून झोपायची. मनीला ती पाठ बघवत नसे. वडील गेल्यापासून दोघी एकमेकींच्या आधाराने राहिलेल्या; आई नसलेल्या घरात संध्याकाळी कुलूप उघडायचं, हे तिच्या कल्पनेत बसेना. परीक्षा साधी होती, हेडसेट घालून त्याच खोट्या घरात. खाटेपासून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरापासून बाहेरचं दार, मध्ये न थांबता. जुन्या हेडसेटवर आई ते जवळजवळ करत होती.

तेवढ्यात नवे हेडसेट आले. त्यांना जुनी लायब्ररी चालेना.

ही लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, चित्रं काढणारी. प्रोग्रामरने फक्त सांगायचं: इथे भिंत, इथे टेबल, इथून उजेड. रंगवायचं काम लायब्ररीचं. माणूस मान वळवेल तसं तिने घर पुन्हा पुन्हा रंगवायचं, ते इतकं भराभर की डोळ्यांना पत्ता लागू नये. त्यासाठी ती एक युक्ती करते. जे दिसत नाही ते काढतच नाही. भिंतीपलीकडची खोली, पाठीमागचं कपाट, सगळं सोडून देते. दृष्टीआड सृष्टी, ही म्हण या लायब्ररीइतकी कोणी पाळत नसेल.

मनीने नवी आवृत्ती बसवली. एकही चूक न दाखवता सगळं पहिल्या फटक्यात चाललं, आणि तिथेच तिला खरं तर शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी ती आईच्या सरावाला हजर राहिली. आई दांड्या धरून पट्ट्यावर उभी राहिली, थेरपिस्ट बाईंनी हेडसेट चढवला, आणि चार पावलांत आई थांबली.

"घर हलतंय गं."

मनीने बाजूच्या पडद्यावर पाहिलं. आई मान वळवायची आणि घर मागाहून वळायचं, झोपेतून उठवल्यासारखं. चित्र अडखळत होतं. आईने एकदा आवंढा गिळला, दुसऱ्यांदा गिळला, मग थेरपिस्ट बाईंनी घाईने टब पुढे केला.

"होतं असं," थेरपिस्ट बाई म्हणाल्या. "चित्र मागे राहिलं की पोट ढवळतं. पण हे लवकर नीट करा. एकदा भीती बसली की पाय उचलत नाही."

मनी ऑफिसात गेली आणि कामाला लागली. हेडसेट चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम बदलला. केबल बदलली. सावल्या काढून टाकल्या, आरशातली प्रतिबिंबं काढून टाकली. यंत्र तापतंय म्हणून त्याच्या तोंडावर टेबलफॅन लावला. फॅनने समोरचे कागद उडाले, बाकी काही झालं नाही.

शेजारच्या टेबलावर एक सहकारी बसायचा, त्याला सगळे सायलेन्सर म्हणत. कारण तो त्याला नव्हता. तो खुर्ची सरकवत आला.

"आपल्याच घराचे लाड केलेस तू," तो म्हणाला. "ओट्याचा टवका कोणी रंगवतं का? दाराच्या मागे पिशवी लटकवलीयेस, पिशवीला सुरकुत्या! बिचारी लायब्ररी मरणार नाही तर काय?"

बोलणं खरं होतं. इतर पेशंटांची घरं नव्या आवृत्तीवर पळत होती. रखडत होतं ते फक्त मनीचं.

बिघाड सापडत नसला की या धंद्यातली माणसं एक जुना उपाय करतात. अर्धं काढून टाकतात. काढलेल्या अर्ध्यात दोष असेल तर उरलेलं सुरळीत चालतं. उरलेलं रखडलं तर दोष त्यात आहे. मग त्याचं अर्धं. असं करत करत शेवटी हातात एकच वस्तू उरते, आणि तीच गुन्हेगार. मनीने आतली खोली आणि स्वयंपाकघर काढून टाकलं. हेडसेट घातला. रखडतंय. ठीक. म्हणजे दोष बाहेरच्या खोलीत. खात्रीसाठी तिने बाहेरची खोली काढली आणि आतलं परत ठेवलं.

तेही रखडत होतं.

तिने हेडसेट काढून टेबलावर ठेवला. असं होत नाही. दोन्ही अर्ध्यांत सारखाच दोष नसतो. ती उठून पाणी प्यायली, परत आली, तोच प्रयोग पुन्हा केला, तेच उत्तर आलं. खाली कोणीतरी काचेवर हिरा ओढत होतं. तो आवाज आज तिच्या दातांत जात होता.

"दुसऱ्या कुणाचं घर उघडून बघ," सायलेन्सर म्हणाला.

तिने एका निवृत्त पोस्टमनचं घर उघडलं. साधं घर, मोजकं सामान. ते रखडलं.

सायलेन्सरने तिच्या हातातून हेडसेट घेतला, स्वतःच्या डोक्यावर चढवला, इकडे तिकडे मान फिरवली. "लोण्यासारखं चाललंय की!" तिने परत घातला. रखडतंय. त्याने घातला. पळतंय.

"तुझा पायगुण, दुसरं काय," तो हसत म्हणाला. मग तिचा चेहरा बघून तो चक्क आवाज खाली आणून म्हणाला, "अगं, गंमत केली."

त्या दिवशी ती आईच्या सरावाला जाऊ शकली नाही. दुपारी थेरपिस्ट बाईंचा फोन आला. आवाजात आनंद होता.

"काय दुरुस्त केलंत? आज आई स्वयंपाकघरापर्यंत गेल्या. चित्र एकदम सुरेख."

मनीने काहीच दुरुस्त केलं नव्हतं. ती केंद्रावर काही पाठवायच्याच भानगडीत पडली नव्हती. "बघते," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. कधी कधी यंत्र बसतं आपलं आपण, असं तिने स्वतःला सांगितलं. हे वाक्य दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर तिने त्याला सोलून काढलं असतं.

पुढच्या सरावाला ती मुद्दाम गेली. मध्ये येऊ नये म्हणून खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आई आली, दांड्या धरल्या, पहिलं पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. पडद्यावरचं घर अडखळायला लागलं. आईने मान मागे घेतली.

"मने, मागे हो ना जरा. अगदी तोंडाशी तोंड आणून काय उभी राहतेस?"

थेरपिस्ट बाईंनी मनीकडे पाहिलं. मायलेकींच्या मध्ये अख्खी खोली होती.

"आई, मी इथे आहे. भिंतीपाशी."

हेडसेटखाली आईचा अर्धाच चेहरा दिसत होता. ओठ घट्ट मिटलेले, जणू त्यांना काही लागू नये म्हणून.

"मग हे काढा," ती म्हणाली. "आजच्यापुरतं पुरे."

परत येताना मनी चालतच आली. रिक्षात बसवेना. तिला कुठेच बसवत नव्हतं. जेवताना ती उभी राहून जेवायची, झोपताना कूस बदलत राहायची. दादाचा फोन येऊन गेला. परीक्षेची तारीख ठरली होती, तो येणार होता. "मी गाडी सांगून ठेवतो," तो म्हणाला. "लागली नाही तर उत्तमच." दादाचा तिला राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली, कारण आता तो बरोबर ठरणार होता.

ऑफिसात सगळे जेवायला बाहेर गेले होते. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. मनीने अर्ध्याअर्ध्याचा नाद सोडला आणि सगळंच काढून टाकलं. भिंती, जमीन, छत, दिवे. कॉम्प्युटरमध्ये आता काही नव्हतं. नुसता राखाडी रंग आणि त्यात बघणारा एक डोळा.

हेडसेट घालून तिने मान वळवली. राखाडी रंग मागाहून वळला.

रिकामं रखडत होतं.

लायब्ररीला एक प्रश्न विचारता येतो: आत्ता तू किती वस्तू रंगवते आहेस? तिने विचारला. उत्तर शून्य यायला हवं होतं.

उत्तर आलं, एक.

तिने विचारलं, डोळ्यापासून किती अंतरावर? आकडा आला तेव्हा तिने तो बोटावर मोजून पाहिला. बोटभरसुद्धा नव्हतं.

आता तिला कळलं की हळू का चाललंय, आणि कळल्याने जरा बरंही वाटलं. जुन्या लायब्ररीचा एक नियम होता. डोळ्याच्या हातभर अंतरात जे असेल ते ती रंगवत नसे. इतक्या जवळचं तसंही कोणाला धड दिसत नाही. नव्या आवृत्तीने ती मर्यादा कमी करून अगदी डोळ्यालगत आणून ठेवली होती. आणि काचेसारखी आरपार वस्तू डोळ्याला चिकटून असली की ती पाहणाऱ्याला दिसत नाही, पण अख्खं चित्र तिच्यामागे येतं आणि त्यातला ठिपका न् ठिपका लायब्ररीला पुन्हा रंगवावा लागतो. काखेत कळसा म्हणतात तो असा. एवढं तिला समजलं. वस्तू कसली, ते समजलं नाही. ती तिने ठेवली नव्हती.

तिने कॉम्प्युटरमधला तो डोळा चार पावलं मागे नेला. अंतर तेवढंच.

गर्रकन वळवला. तेवढंच.

सायलेन्सर जेवून आला तेव्हा तिने त्याला काही न सांगता हेडसेट दिला आणि आकडा बघायला सांगितला.

"शून्य," तो म्हणाला. "रिकाम्या खोलीत काय असणार?"

"नीट बघ."

"अगं, शून्यच आहे. तू आधी जेवून घे. डबा तसाच पडलाय."

तो हात धुवायला आत गेला. तिने परत हेडसेट घातला. एक.

लायब्ररीला सांगता येतं की रंग भरू नकोस, नुसत्या रेघा दाखव. मग आरपार वस्तूचाही सांगाडा दिसतो. मनीने तसं सांगितलं.

समोर सगळं पांढरं झालं. क्षणभर तिला वाटलं, यंत्र बिघडलं. मग लक्षात आलं की त्या रेघाच आहेत, इतक्या बारीक आणि इतक्या दाट की मध्ये जागाच उरलेली नाही. कुठलंही घर, कुठलंही झाड एवढ्या रेघांचं तिने कधी पाहिलं नव्हतं. ती निरखून बघत राहिली. या धंद्यात निरखण्याची सवय वाईट.

रेघा हलत होत्या. किंचित पुढे येत होत्या, किंचित मागे जात होत्या.

पुन्हा पुढे. पुन्हा मागे.

मनीने श्वास रोखून धरला. रेघा थांबल्या नाहीत.

तिने हेडसेट ओरबाडून काढला. खोलीत ऊन होतं, सायलेन्सर आत नळाखाली हात धूत मोठ्याने कोणाशी तरी फोनवर हसत बोलत होता, खाली काच कापली जात होती. तिने प्रोग्राममधली एकच ओळ बदलली. हातभर अंतराच्या आत जे असेल ते रंगवू नकोस. जुना नियम परत.

सगळं पळायला लागलं. तिचं घर, पोस्टमनचं घर, सगळ्यांची घरं, तिच्या डोक्यावर हेडसेट असतानाही. सायलेन्सरने टाळी मागितली, तिने दिली.

म्हणजे जुन्या आवृत्तीच्या वेळीही ते तिथेच होतं का, हा प्रश्न तिच्या मनाच्या दारापर्यंत आला. तिने दार उघडलं नाही.

परीक्षेला दादा आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. आई दांड्या सोडून चालली. खाटेपासून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरापासून बाहेरचं दार, मध्ये न थांबता. चित्र कुठेही अडखळलं नाही. फक्त मान तिने सबंध वेळ किंचित मागे घेतलेली होती.

"मान सरळ ठेवा, आजी," थेरपिस्ट बाई दोनदा म्हणाल्या.

दादाने दिलेला शब्द पाळला. गाडी परत पाठवली, आईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जाताना मनीला म्हणाला, "जिंकलीस." मनीला रडू फुटलं. आई म्हणाली, "रडतेस काय? आता माझा स्वयंपाक खावा लागणार म्हणून?"

आई घरी आली. पहिली संध्याकाळ दोघींनी नुसत्या गप्पा मारण्यात घालवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आई काठी घेऊन खाटेवरून उठली, पॅसेजपर्यंत नीट आली, आणि थांबली.

"काय झालं?"

"काही नाही." आईने पाय उचलला. तो हवेत थोडा राहिला, मग तिथेच खाली आला. "जागा नाही वाटत गं पुढे."

पॅसेज रिकामा होता.

मग रोज तेच. मनी शेजारी असली की आई पॅसेजमध्ये अडे, मग स्वयंपाकघरात, मग खाटेजवळच. बोलतानासुद्धा तिचे शब्द मागाहून यायला लागले; प्रश्न विचारला की ती बघत राहायची आणि उत्तर सावकाश पोचायचं. आयुष्यभर जिने लोकांना पापणी लवायच्या आत जोडून दिलं, तिची स्वतःची लाईन लागत नव्हती. एकदा तिचा तोल गेला. मनीने वेळेवर धरलं. दादाला कळवलं नाही.

आणि मग मनीने तेच केलं जे तिला येत होतं. पॅसेजमधलं सामान अर्धं काढलं. चपलांचं कपाट बाहेर. फरक नाही. आरसा काढला, पडदा काढला. फरक नाही. स्टूल, पायपुसणं, खुंटीवरची छत्री. आई खाटेवर बसून घराचं ओकंबोकं होणं बघत होती.

"घर विकायला काढलंयस का?" तिने विचारलं. विनोदही उशिराच आला.

मधल्या एका सकाळी मनी औषधं आणायला गेली असताना थेरपिस्ट बाई घरी येऊन गेल्या. मनी परतली तेव्हा त्या जिन्यातच भेटल्या. "आई काय सुंदर चालतात हो!" त्या म्हणाल्या. "मी होते तोवर तीन फेऱ्या मारल्या. गप्पा तर ऐकण्यासारख्या. तुम्ही उगाच काळजी करता." मनीने दार उघडलं. आई पॅसेजच्या मधोमध उभी होती, हसत. मनी आत आली आणि आईचं हसू तिथेच राहिलं, गोठल्यासारखं, आणि मान हळूहळू मागे गेली.

आता घरात काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोन माणसं होती.

हे आईच्याही ध्यानात आलं असावं. रविवारी, चहा झाल्यावर, ती बराच वेळ मनीकडे बघत होती. मग शब्द एकेक करून आले.

"मने. जरा. दाराबाहेर थांबतेस?"

"का गं?"

"थांब तर." आईच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुझ्यावर रागवले नाही मी."

मनी बाहेर गेली. दार ओढून घेतलं. जिन्यातला गार कठडा धरून उभी राहिली आणि कान दिला.

काठी टेकली. पाऊल पडलं. काठी, पाऊल. काठी, पाऊल. खाट, पॅसेज. पॅसेजमध्ये ती थांबली नाही. स्वयंपाकघरात नळ सुटला, भांडं वाजलं. पुन्हा पावलं, आता दाराच्या दिशेने, भराभर, एखाद्या बाईने पोळी करपायच्या आत धावावं तशी. दाराच्या पलीकडे, अगदी लाकडाला लागून, आईचा जुना, खणखणीत आवाज आला.

"बघितलंस? एका दमात! आहेस ना गं बाहेर?"

"आहे," मनी म्हणाली. तिला आनंद झाला, आणि त्याच क्षणी तिला कळलं की आता या दारातून आत जाता येणार नाही. आईला घरी राहायचं असेल तर.

"ये मग आत," आई म्हणाली. जरा थांबून, हलक्या आवाजात. "येतेस ना?"

मनीला कडी दिसेना. डोळे भरून आले म्हणून असेल, असं वाटून तिने चष्मा काढला. डोळे कोरडे होते. काचा धुरकटल्या होत्या. तिने ओढणीने त्या आतून पुसल्या आणि चष्मा परत लावला. धूसरच. श्वास रोखून धरला. काचेवरचं धुकं मधोमध थोडं विरलं, मग पुन्हा भरलं. विरलं, पुन्हा भरलं.

तिने एक बोट उचलून काचेला आतल्या बाजूने लावलं. आतून ती स्वच्छ आणि कोरडी होती; धुकं बाहेरच्या बाजूला होतं.

"मी जरा जाऊन येते, आई," ती म्हणाली. "तू जेवून घे."

आणि कठडा चाचपत, मान किंचित मागे घेऊन, ती एकेक पायरी उतरू लागली.